मालकाला घेऊन या

सिअ‍ॅटल, ८ नोव्हेंबर

आत्या,

उन्हाळ्यापासून तुझा फोन लागत नाही. ‘आपण लावलेला नंबर सध्या सेवेत नाही’ असं ती बाई इतक्या गोड आवाजात सांगते की मला तिच्याशी भांडावंसं वाटतं. शेवटी आज कागद घेऊन बसले. तुला पत्र लिहिल्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक. अर्धी अक्षरं आठवत नाहीत. चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नकोस, लहानपणी माझ्या वहीत करायचीस तशा.

ऑगस्टमध्ये आमच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेतल्या एकीचा नवरा चीनला, आपल्या लान्चौला चालला होता, म्हणून त्याच्याबरोबर तुला फोन पाठवला. ऐरागैरा नव्हे. माझ्या हातात आहे तोच, त्याच रंगाचा. दुकानदार म्हणाला, जगात कुठेही चालेल. तो फोन तुला मिळाला हे मला त्या नवऱ्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. आता तो नक्की रुमालात गुंडाळून आतोबांच्या फोटोमागे ठेवला असशील. मी दिलेला लोकरीचा स्वेटरही तू असाच जपलास आणि शेवटी तो कसरीने घातला.

तू एकाहत्तरची आहेस. आतोबा जाऊन दोन वर्षं झाली. अंगणात घसरून पडलीस तर मला कळवणार कोण? आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि आता तुझी खबर मिळायला मला परक्या बाईच्या नवऱ्यापुढे हात जोडावे लागतात.

मला राग आलाय. पत्रात आवाज चढवता येत नाही, म्हणून सांगून ठेवते.

तुझी दोउदोउ

*

लिउपू, २७ नोव्हेंबर

दोउदोउ,

पोस्टमनने तुझं पत्र दारात उभं राहून दिलं आणि चेहरा पाडून विचारलं, “आजी, कोणी गेलं का?” आजकाल हाताने लिहिलेलं पत्र म्हणजे वाईटच बातमी असं त्याला वाटतं. मी म्हटलं, “कोणी गेलं की लोक माझ्या दुकानात येतात बाबा, मला पत्र पाठवत नाहीत.”

गेला महिनाभर मान वर करायला फुरसत नव्हती. आपल्या पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे आपापल्या मेलेल्यांना थंडीचे कपडे जाळून पाठवतात, तेव्हा मी कागदी कोट आणि विजारी चिकटवत बसले होते. अजून बोटांची खळ निघालेली नाही.

तुझा फोन रुमालात नाही. रोज माझ्या हातात असतो, कामाला येतो. गल्लीतल्या बायका येऊन बघून जातात. आता त्याच्यावरून बोलू नकोस.

बंद पडलाय तो जुना, बटणांचा फोन. आमच्या डोंगरातलं जुनं नेटवर्क कंपनीने बंद केलं. नंबर चालू ठेवायचा तर कार्ड बदलून घ्या म्हणाले, म्हणून मी तालुक्याच्या गावी कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथे एक गोरीपान मुलगी होती, नखांना मोती लावलेली.

“आजी, हा नंबर शांग देशान यांच्या नावावर आहे.”

“माझे यजमान.”

“कार्ड बदलायला मालक लागतो. मालकाला घेऊन या.”

“मालक दोन वर्षांपूर्वी वारले.”

“मग त्यांचं ओळखपत्र आणा.”

“ते पोलीस चौकीतल्या मुलीने कात्रीने कापून रद्द केलं. तीही तुझ्याच वयाची होती, तिनेही नियम म्हणूनच कापलं.”

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. मुलगी दुष्ट नव्हती हो, पडदा सांगेल ते वाचत होती. म्हणाली, “ओळखपत्र नसेल तरी चालेल, आजी. मालकांनी स्वतः येऊन कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा.”

“ते टेकडीवर आहेत, जर्दाळूच्या झाडाखाली. तुमचा कॅमेरा घेऊन चल, मी वाट दाखवते.”

मागच्या रांगेतला एकजण हसला. ती मुलगी हसली नाही. मार्चअखेर कार्ड बदललं नाही तर नंबर कायमचा बंद होईल आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी देतील, असं तिने सांगितलं.

दोन वर्षं त्याच नंबरचे पैसे मी भरतेय. घेताना कुणी विचारलं नाही, मालक कुठेत म्हणून.

तिरफळं वाळत घातली आहेत. या वर्षी वास चांगला आहे.

आत्या

*

सिअ‍ॅटल, १६ डिसेंबर

आत्या,

पत्र वाचून मी घरात फेऱ्या मारत होते. ‘मालकाला घेऊन या!’ माणसाला एवढं तरी कळत नाही?

मी इथून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तास गेला. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग एक बाजा वाजला, मग एका तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तुमची तक्रार नोंदवतो. खात्री करायला एक सांकेतिक आकडा पाठवतोय, तो मला वाचून दाखवा.” कुठे पाठवलास म्हणून विचारलं, तर म्हणतो, त्याच नंबरवर! जो बंद आहे म्हणून मी फोन केला त्यावर! मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, “हो, पण आकडा आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.” त्याच्या आवाजात थोडं वाईट वाटल्यासारखं होतं, पण वाईट वाटून कुणाचा फोन लागत नाही.

आता माझं ऐक. सोड तो नंबर. नवा घे, तुझ्या स्वतःच्या नावाचा, आणि नवं कार्ड मी दिलेल्या फोनमध्ये घाल. यात कठीण काय आहे? नंबर म्हणजे अकरा आकडे, दुसरं काय? गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या आकड्यांसाठी कुणी इतकं झुरतं का? आजकाल भिंती कोण वाचतं? ज्यांना तू हवी आहेस ते तुझा नवा नंबर फोनमध्ये साठवून ठेवतील.

आणि खरं तर आता मेलेल्यांसाठी कागदी घोडे-बिडे बनवणंही पुरे कर. त्यांच्या सांगाड्यांसाठी ज्वारीची ताटं वाकवून तुझी बोटं वाकली. मी पाठवीन ते घे आणि आराम कर.

रागावू नकोस. नाहीतर रागाव, पण फोनवर रागाव.

दोउदोउ

*

लिउपू, ७ जानेवारी

दोउदोउ,

रागावले आहे. फोन नाही, म्हणून कागदावर रागावते.

अकरा आकडे म्हणे! अमेरिकेत जाऊन एवढं विसरलीस? आपल्याकडे सोयऱ्याचा, डॉक्टरचा, वीजवाल्याचा, डुक्कर कापणाऱ्याचाही नंबर लोक फोनमध्ये ठेवतात. कागदवालीचा ठेवतात का? ठेवला तर घरात मरण बोलावल्यासारखं होतं. तुझ्या बापाने तरी कधी ठेवला होता का? सख्खा भाऊ माझा, पण बोलायचं असलं की शेजारच्या दुकानातून निरोप द्यायचा. लोक माझ्याशी हसून बोलतात, सणाला वाफवलेले पाव आणून देतात, पण माझा नंबर घरात घेत नाहीत. म्हणून तो भिंतीवर असतो, गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला. दिंगवान गावात कुणी गेलं की घरातला मोठा मुलगा डोक्याला पांढरी पट्टी बांधून बाहेर पडतो, भिंतीपाशी उभा राहून आकडे वाचून नंबर लावतो, आणि माझं काम झालं की विसरून जातो. पुढच्या वेळी पुन्हा भिंत.

आता मी नवा नंबर घेतला तर तो कुणाला सांगू? दारोदार जाऊन सांगू, की तुमच्याकडे कुणी मेलं तर या नंबरवर फोन करा? झाडूने मारतील.

ते आकडे तुझ्या आतोबांनी रंगवलेत. तीनचाकीवर शिडी टाकायची, लाल रंगाचा डबा शिडीला टांगायचा, आणि चढल्यावर वरून मला विचारायचं, “सरळ आहे का?” मालियांग गावाच्या भिंतीवर एक आकडा चुकला. वर्षभर लोक शोक आवरत कुणा बकऱ्या विकणाऱ्याला फोन करत होते, आणि तो बिचारा प्रत्येकाला सांगायचा, “माझ्याकडे कागदी नाहीत हो, जिवंतच आहेत.”

ही मुलगी मला म्हणते, सोड.

आणि आता रागात आहेच, तर हेही ऐक. तुझ्या फोनला भोकच नाही. कार्ड घालायचं भोक. मी चष्मा लावून चारही बाजूंनी पाहिलं, सुई फिरवून पाहिली. मोबाइलवाल्या खौकडे नेला तर तो हसत सुटला. “काकू, हा अमेरिकेचा साहेब आहे. याला कार्ड लागतच नाही. त्यांच्याकडे आतल्याआत हवेतून सगळं होतं. आपल्याकडे हा नुसता आरसा.” मी त्याला तिथेच सुनावलं की माझी भाची तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे. घरी येऊन पुन्हा सुई फिरवली.

तुला कळवलं नाही. तू किती हौसेने पाठवलास, ते मला माहीत आहे.

पण रोज हातात असतो हे खोटं नव्हतं. त्याच्यावरून मी कागदी फोन करते. मागचे तीन डोळे, बाजूची बटणं, सगळं तस्संच. या हिवाळ्यात घोड्यांपेक्षा फोन जास्त गेले. लोक म्हणतात, बाबांना हाच द्या, महागातला दिसतो. तुझा फोन इकडे चालतो बरं, फक्त मेलेल्यांना.

आत्या

*

सिअ‍ॅटल, २८ जानेवारी

आत्या,

मी ज्या दुकानातून फोन घेतला तिथे गेले. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं होतं, जगात कुठेही चालेल.”

तो म्हणाला, “जगात कुठेही म्हणजे बहुतेक कुठेही, मॅडम. आता कार्ड कोण वापरतं?”

“माझी आत्या वापरते.”

“त्यांना सांगा, जमाना बदलला.”

“एकशे चाळीस कोटी माणसं तुमच्या ‘बहुतेक’मध्ये बसत नाहीत का?” मी इतक्या जोरात बोलले की शेजारच्या काउंटरवरचं लहान मूल रडायला लागलं. दुकानदार हसतमुखाने म्हणाला की परत घ्यायची मुदत संपली आहे. आत्या, तुझी काउंटरवरची मुलगी नखांना मोती लावते, माझा दुकानदार दाढी कोरून ठेवतो, एवढाच फरक. दोघांपुढे पडदा तोच.

भिंतीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. लहानपणी शिडी मीच धरायचे ना. डब्यातला रंग माझ्या केसांत पडला होता आणि तू रॉकेलने धुतलेस. हे सगळं मी कुठे ठेवून आले होते?

मार्चच्या वीस तारखेला मी येतेय. एकतीस तारखेच्या आत आपण दोघी त्या काउंटरवर जाऊ. मी तिकीट काढलंय, म्हणून आता ‘येऊ नकोस, खर्च होतो’ असलं काही लिहू नकोस.

दोउदोउ

*

लिउपू, २१ फेब्रुवारी

दोउदोउ,

येऊ नकोस, खर्च होतो, असं लिहिणारच होते. नाही लिहीत.

आपल्या नवीन वर्षाच्या सुट्ट्या संपताच मी पुन्हा एकदा काउंटरवर गेले. तू येईपर्यंत थांबवेना. या वेळी सगळं नेलं. मृत्यूचा दाखला, लग्नाचं लाल पुस्तक, घराची नोंद, दोन वर्षांच्या पावत्या. मुलीने सगळं चाळलं आणि म्हणाली, “कागद ठीक आहेत, पण यंत्र चेहरा मागतंय.”

“चेहरा पाहिजे ना? हा घे.” मी पिशवीतून तुझ्या आतोबांचा फोटो काढला. चौकटीतला, काळा-पांढरा, उदबत्तीमागे भिंतीवर असतो तो. दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

आणि काय सांगू, यंत्राने ओळखलं! हिरवा गोल उमटला. “चेहरा जुळला” असं ते बाईच्या आवाजात म्हणालं. मी चौकट आणखी उंच धरली. मुलगीसुद्धा खुर्चीतून उठली. मग यंत्र म्हणालं, “कृपया डोळे मिचकवा.”

फोटो कसा मिचकवणार?

“कृपया डोळे मिचकवा. कृपया मान हलवा.” ते म्हणतच राहिलं. मागे एकजण हसला, मग कुणीच हसेना. त्या फोटोच्या वेळी मीच त्यांना सांगितलं होतं, जरा डोळे मिटू नका, प्रत्येक फोटोत मिटता. बिचारे टक लावून बसले होते.

मी फोटो कोटाखाली घातला आणि बाहेर आले. घरी येईपर्यंत चौकट छातीला टोचत होती. कागदी घोडे नाचवायचे तर माझ्याकडून शिका म्हणावं. माझे निदान पोचतात तरी.

तू ये. झोपायचा विटांचा ओटा, आपला कांग, तापवून ठेवते. येताना ते कडू पाणी, कॉफी, आणू नकोस.

आत्या

*

लान्चौ विमानतळ, २ एप्रिल

आत्या,

विमानाला वेळ आहे. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते. इथेच टाकीन हे पत्र, लवकर पोचेल.

आले त्या दिवशी तू विचारलंस, लान्चौला जेवलीस का? मी हो म्हटलं. कसं जेवले ते सांगितलं नाही. माझ्या फोनला इथे नेटवर्क मिळालं, पण दोन घास मिळेनात. नूडल्सवाल्याकडे सगळे जण फोनवरचा ठिपक्यांचा चौकोन दाखवून पैसे देत होते. माझ्या फोनने आधी इथला नंबर मागितला, मग तो नंबर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. नोट काढली तर त्याच्याकडे सुटे नव्हते. मी वाडगं परत ठेवायला लागले तशी तो ओरडला, “ताई, खा आधी! फोन बरा झाला की द्या!” उभ्याउभ्या खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने असं त्याला वाटलं असावं.

दुसरी गोष्ट. आपण दोघी काउंटरवरून हात हलवत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजाराला जाते म्हणून गेले, आठवतं? कोबी न आणताच परतले म्हणून तू बोललीस. मी एकटी पुन्हा तिथेच गेले होते. त्यांच्या साहेबांना भेटले. साहेब नम्र होते. म्हणाले, “वारसाच्या नावावर नंबर करता येतो. मुलगा? मुलगी?”

“त्यांना मूल नाही. मी आहे.”

“आपण कोण?”

“त्यांच्या बायकोची भाची. त्यांनीच मला वाढवलं. शाळेची फी, ताप, लग्न, घटस्फोट, सगळं त्यांच्याच अंगणात झालं.”

त्यांनी पडद्यावर खालीवर पाहिलं. “भाची चालत नाही,” म्हणाले. “बायकोला करता येईल, पण प्रांताच्या कचेरीतून शिक्का आणावा लागेल. महिना-दीड महिना तरी.”

“नंबर परवा बंद होतोय!”

“हो,” ते म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“मेलेल्यालाही?” मी विचारलं. त्यांनी मला पाणी दिलं. कागदी पेल्यात. मी तो पेला चुरगळून टेबलावर ठेवला आणि निघाले. आत्या, नंबर गेल्याचा राग एका बाजूला. पण भाची चालत नाही हे शब्द मला रात्रंदिवस ऐकू येतायत. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही, आणि खरं तर तुला वाईट वाटेल म्हणून.

भिंती रंगवताना तू आतोबांचे आकडे पुसू दिले नाहीस, ते बरं केलंस. त्यांच्याखाली मी रंगवलेले तुझ्या नव्या नंबरचे आकडे कसे दिसतात कोण जाणे. वारा फार होता.

विमानाची घोषणा झाली.

दोउदोउ

*

लिउपू, १० एप्रिल

दोउदोउ,

तुझे आकडे कसे दिसतात विचारतेस? आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन फुगलेले मोमो, आणि सात वाऱ्याने वाकलेला. तुझे आतोबा असते तर शिडीवरून हसून पडले असते. पण वाचता येतात.

छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, टेकडीवर गेले. जर्दाळू फुलून गेलाय. थडग्यावरचं गवत काढलं, दारू ओतली, कागदी पैसे जाळले, कागदी कोट जाळला. मग कागदी फोन काढला. या वेळी तुझ्या फोनसारखा केला नाही. त्याला बाजूला भोक ठेवलं, कार्डाच्या मापाचं, आणि त्यांचं जुनं कार्ड, खरं, प्लास्टिकचं, आत सरकवलं. बरोबर बसलं. कंपनी इतके महिने म्हणत होती ना, हा नंबर फक्त मालकालाच वापरता येईल? घ्या. मालकाला पाठवला. कार्ड जळताना घाण वास आला आणि मला ठसका लागला. म्हटलं, लागला वाटतं फोन.

पुढे मागे तो नंबर लान्चौच्या कुणा घरं विकणाऱ्याला मिळेल. दिंगवानमध्ये कुणी गेलं की त्याला फोन जाईल, “आजोबा गेले, दोन घोडे आणि एक बंगला पाठवा.” तो चिडून काउंटरवर जाईल. त्याला सांगू देत, मालकाला घेऊन या.

आपण माझ्या नावावर घेतलेला नवा बटणांचा फोन परवा पहिल्यांदा वाजला. मालियांगहून होता, कुणाची तरी सासू गेली. तो माणूस म्हणाला, “भिंतीवर दोन नंबर आहेत. वरचा लागत नाही म्हणून खालचा लावला. हा कुणाचा?”

मी म्हटलं, “माझाच. माझ्या मुलीने रंगवलाय.”

“तुम्हाला मुलगी आहे? कधी ऐकलं नाही.”

“शिडी लहानपणापासून तीच धरते. अजून कुणाचा चेहरा जुळवायचाय तुला? घोडे किती पाहिजेत ते सांग.”

भाची चालत नाही म्हणे! त्या साहेबाचं नाव लिहून घेतलंस का? नसशील. मी विचारून ठेवीन.

आणि हो, तू पोचल्यापासून तुझा फोन का येत नाही ते कळलं. खौने बघून सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना फसवतात म्हणून कंपनीने परदेशातले फोन या नंबरला आधीपासूनच बंद करून ठेवलेत. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. उघडायचे असतील तर मालकाने स्वतः काउंटरवर यायचं, कॅमेऱ्यासमोर.

उद्या पहिल्या गाडीने जाते. तुझा स्वेटर घालणार आहे, कसरीने खाल्लेला. त्या मोत्यांच्या मुलीला सांगणार आहे, घे बाई, या वेळी मालकाला घेऊन आलेय. तू म्हणशील तितक्या वेळा डोळे मिचकवते.

आत्या